बिशप एकत्र बसून काय ठरवायचे? टोलेडोच्या धर्मसभा, सोप्या भाषेत

मे 2025 मध्ये सिस्टाईन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला, लिओ चौदावे पोप झाले आणि काही दिवस आपल्याकडच्या वाहिन्यांवरही कार्डिनल, कॉन्क्लेव्ह, सिनॉड हे शब्द ऐकू येत राहिले. त्याआधी 2021 ते 2024 या काळात जगभरच्या कॅथलिक धर्मग्रामांतून लोकांची मतं मागवून एक मोठं सिनॉड, म्हणजे धर्मसभा, भरवलं गेलं. 2023 च्या रोममधल्या अधिवेशनात स्त्रियांना पहिल्यांदाच मतदानाचा हक्क मिळाला. त्या वेळी अनेकांनी एक साधा प्रश्न विचारला: कॅथलिक चर्चमध्ये पोपचाच शब्द शेवटचा असेल, तर बिशपांच्या या सभा, ठराव आणि मतदानं हवीत कशाला?

याचं उत्तर रोममध्ये शोधण्यापेक्षा स्पेनमधल्या टोलेडोत शोधलेलं बरं. 2021 नंतरच्या सिनॉडच्या बैठकांसाठी जी प्रार्थना नेमून दिली होती, ‘हे पवित्र आत्म्या, आम्ही तुझ्यासमोर उभे आहोत’ अशा अर्थाची, ती परंपरेनं सेव्हिलचा बिशप इसिडोर याची मानतात. इसिडोर वारला 636 साली. त्याच्या तीन वर्षं आधी त्याच्याच अध्यक्षतेखाली टोलेडोत जी सभा भरली, तिनं राजा कसा निवडायचा इथपासून सभेत हसायचं की नाही इथपर्यंत सगळं लिहून ठेवलं. तिचं इतिवृत्त आजही वाचता येतं.

बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे

आधी चार शब्द समजून घेऊ. एक शहर आणि त्याच्या भोवतालची खेडी इथल्या ख्रिस्ती लोकांचा प्रमुख तो बिशप, आणि त्याची हद्द म्हणजे धर्मप्रांत. असे अनेक धर्मप्रांत मिळून एक प्रांत व्हायचा. प्रांताच्या मुख्य शहरातला बिशप बाकीच्यांचा वडील. त्याला तेव्हा मेट्रोपॉलिटन म्हणत, आज आपण आर्चबिशप म्हणतो. या बिशपांची सभा ती धर्मसभा, म्हणजेच सिनॉड किंवा कौन्सिल. तिनं संमत केलेल्या कलमाला कॅनन म्हणतात. इथून पुढं मी त्याला नियमच म्हणेन.

476 साली पश्चिमेकडचा शेवटचा रोमन सम्राट पदावरून गेला. कर गोळा करणारी, न्याय देणारी, धान्याची तजवीज करणारी रोमन यंत्रणा त्याआधीपासूनच खिळखिळी झाली होती. शहरोशहरी टिकून राहिला तो बिशप. तो बहुधा जुन्या जमीनदार घराण्यातला आणि लिहिता-वाचता येणारा असे. चर्चच्या जमिनी त्याच्या ताब्यात. दुष्काळात धान्य वाटायचं, युद्धकैदी पैसे भरून सोडवायचे, भांडणं मिटवायची, गावावर चालून आलेल्या सरदाराशी बोलणी करायची, हे सगळं त्याच्याकडे येऊ लागलं. एखाद्या गावचं पाटीलपण, कुलकर्णीपण आणि जोशीपण एकाच माणसाकडे आलं तर त्याचा गावावर जसा वचक आणि जसा आधार असेल, तसं या बिशपाचं झालं होतं.

पण वतन वंशपरंपरेनं चालतं, बिशपपद तसं चालत नसे, निदान नियमानं तरी नाही. त्या शहरातल्या धर्मगुरूंनी आणि लोकांनी त्याला निवडायचं, प्रांतातल्या बिशपांनी मान्यता द्यायची, आणि किमान तीन बिशपांनी मिळून त्याला दीक्षा द्यायची, ही रीत. एकदा बसला की तो तहहयात. त्याला जाब विचारायचा तर कुणी? इतर बिशपांनी, एकत्र बसून. धर्मसभेची गरज निर्माण झाली ती इथं. म्हणूनच 325 च्या निकेआ सभेनं प्रत्येक प्रांतात वर्षातून दोनदा बिशपांनी जमावं असा दंडक घातला होता. म्हणजे सभेची ही रीत पोपच्या फर्मानातून निघालेली नाही. बरोबरीच्या माणसांवर बरोबरीच्यांनीच वचक ठेवायचा, ही तिच्यामागची साधी गरज होती.

राजा एका पंथाचा, प्रजा दुसऱ्या

सहाव्या शतकात स्पेनवर आणि दक्षिण फ्रान्सच्या एका पट्ट्यावर व्हिसिगॉथ राजांचं राज्य होतं. हे जर्मनिक वंशाचे लोक ख्रिस्ती होते, पण एरियन पंथाचे. येशू हा पित्यानं निर्माण केलेला, म्हणून पित्याहून कमी, असं हा पंथ मानी. निकेआच्या सभेनं हे मत फेटाळलं होतं आणि पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत असं ठरवलं होतं. स्पेनमधली बहुसंख्य जुनी रोमन प्रजा निकेआचं मानणारी, म्हणजे कॅथलिक. त्यामुळे एकाच शहरात दोन बिशप, दोन चर्च आणि दोन पंगती असा प्रकार चालला होता.

लिओविगिल्ड राजानं देश तलवारीनं एकत्र आणला, पण ही फट त्याला बुजवता आली नाही. त्याचा मोठा मुलगा हर्मेनेगिल्ड कॅथलिक झाला, बापाविरुद्ध उठला आणि 585 मध्ये मारला गेला. पुढच्याच वर्षी लिओविगिल्ड वारला. धाकट्या रेकारेडनं गादीवर आल्यावर वेगळा मार्ग धरला. तो स्वतः 587 मध्ये कॅथलिक झाला आणि मे 589 मध्ये त्यानं टोलेडोत साठाहून जास्त बिशप बोलावले. ही टोलेडोची तिसरी धर्मसभा. राजानं आपली श्रद्धेची कबुली लेखी आणली होती, ती सभेत वाचली गेली. राजानं सही केली, बाद्दो राणीनंही केली. आठ एरियन बिशपांनी आपलं जुनं मत सोडल्याचं जाहीर केलं. समारोपाचं प्रवचन सेव्हिलच्या लिअँडरचं, म्हणजे इसिडोरच्या थोरल्या भावाचं झालं.

श्रद्धेची ही कबुली प्रत्येक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, सगळ्यांनी मोठ्यानं म्हणावी, असा एक नियम या सभेनं केला. रोमच्या मिस्सेत ती रूढ व्हायला 1014 साल उजाडलं. स्पेनच्या बिशपांनी सुरू केलेली गोष्ट पोपच्या शहरात सव्वाचारशे वर्षांनी पोचली, हे मला फार बोलकं वाटतं.

बिशप करवसुलीवर लक्ष ठेवतात

589 च्या तेवीस नियमांतला अठरावा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अंतर लांब आणि चर्चेस गरीब, म्हणून प्रांताची सभा वर्षातून दोनदा नव्हे, एकदाच भरवावी, असं तो म्हणतो. आणि त्या सभेला जिल्ह्याचे न्यायाधीश व राजाच्या जमिनींचा वसूल बघणारे कारभारी यांनीही हजर राहावं, प्रजेशी नीट आणि न्यायानं कसं वागायचं ते तिथं शिकावं. न्यायाधीश लोकांशी कसे वागतात यावर बिशपांनी नजर ठेवायची, समज द्यायची, आणि ऐकलं नाही तर राजाच्या कानावर घालायचं.

हे कागदावरच राहिलं असतं तर त्यात नवल नव्हतं. पण तीनच वर्षांनंतरचं, 592 चं एक पत्र टिकून आहे. बार्सिलोना भागातल्या बिशपांनी ते करवसुली अधिकाऱ्यांना लिहिलेलं आहे. धान्याच्या मापाला, म्हणजे मोडियसला (सुमारे पावणेनऊ लिटर), नऊ सिलिक्वा घ्या. तुमच्या मेहनतीचा एक सिलिक्वा. आणि होणारी नासधूस व भावातला फरक यांपोटी चार. एकूण चौदा, आणि यातच बार्ली आली. सिलिक्वा म्हणजे सोन्याच्या सॉलिडस नाण्याचा चोविसावा भाग. याहून जास्त कुणी उकळलं असेल तर ते सुधारा आणि अन्यायानं घेतलेलं परत करायला लावा, असंही पत्रात बजावलं आहे.

त्या काळच्या शेतकऱ्याच्या जागी राहून हे पत्र वाचायला हवं. वसुलीला येणाऱ्याचा स्वतःचा वाटा किती हे लेखी ठरलेलं असणं म्हणजे केवढा दिलासा! ‘धर्माच्या सभेनं धर्मापुरतं बघावं’ असं आज कुणी म्हणेल. पण त्या काळातल्या खेड्यात दाद मागायला दुसरं दारच नव्हतं.

सभा चालायची कशी

5 डिसेंबर 633. टोलेडोचं सेंट लिओकेडियाचं चर्च. चौथी धर्मसभा, अध्यक्ष इसिडोर. या सभेनं पंचाहत्तर नियम केले, आणि त्यांतला चौथा नियम सभेच्या कामकाजाचा आहे. तो इतका बारकाईनं लिहिला आहे की वाचताना आपण भिंतीला पाठ टेकून ते बघतोय असं वाटतं.

पहाटे, सूर्य उगवायच्या आत, चर्चमधून सगळ्यांना बाहेर काढायचं आणि दारं लावून घ्यायची. एकच दार उघडं. तिथं द्वारपाल उभे. त्या दारातून बिशप एकदम आत येतात आणि दीक्षेच्या ज्येष्ठतेनं बसतात. मग धर्मगुरूंना बोलावतात. ते बिशपांच्या मागे बसतात. डीकन, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे सेवक, समोर उभे राहतात. त्यानंतर सभेनं योग्य ठरवलेले संसारी लोक आणि शेवटी लेखनिक. दार बंद. सगळे बराच वेळ गप्प. मुख्य डीकन म्हणतो, ‘प्रार्थना करा.’ सगळे जमिनीवर पालथे पडतात. एक वयस्क बिशप मोठ्यानं प्रार्थना म्हणतो, बाकीचे ‘आमेन’ म्हणतात, आणि डीकन म्हणतो, ‘उठा.’

यानंतर पांढरा झगा घातलेला एक डीकन जुन्या नियमांची पोथी मधोमध आणतो आणि सभा कशी भरवायची याचे जुने नियम वाचून दाखवतो. मग मेट्रोपॉलिटन सांगतो, ज्याला काही मांडायचं असेल त्यानं मांडावं. एक विषय संपल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. बाहेरच्या कुणाची तक्रार असेल, तर ती मुख्य डीकनमार्फत आत येते आणि तिची सुनावणी होते. आरडाओरडा नाही, हसणं नाही, हुज्जत नाही. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत कुणी उठून जायचं नाही.

यात माझं लक्ष त्या पोथीकडे जातं. नवीन काही ठरवण्याआधी जुनं काय ठरलंय ते सगळ्यांसमोर वाचायचं! ज्या काळात बहुतेक राजवाड्यांत बलवान माणसाच्या तोंडून निघेल तोच कायदा, त्या काळात ही शिस्त म्हणजे मोठीच मजल होती. धर्मगुरूंनी अडाणी राहू नये, कारण अज्ञान ही सगळ्या चुकांची आई आहे, असंही याच सभेच्या एका नियमात म्हटलं आहे.

मग हे बिशप राजाचे होयबा होते का?

ही शंका रास्त आहे. त्याच 633 च्या सभेत सिसेनांड राजा आला, बिशपांपुढे लोटांगण घालून रडला आणि आपल्यासाठी देवाकडे रदबदली करा म्हणाला. दृश्य मोठं भक्तिभावाचं. पण याच सिसेनांडनं दोन वर्षांपूर्वी फ्रँक राजा डॅगोबर्टच्या फौजेच्या मदतीनं स्विंथिला राजाला हटवून गादी बळकावली होती. त्याला बिशपांचा शिक्का हवा होता आणि तो मिळाला. स्विंथिला आपल्याच गुन्ह्यांच्या भीतीनं पायउतार झाला, असं सभेनं नोंदवलं आणि त्याच्यासह त्याच्या बायकामुलांचीही मालमत्ता काढून घेतली.

शिक्का देताना बिशपांनी मोबदला मात्र घेतला. पंचाहत्तरावा नियम सांगतो की यापुढं कुणी बळजबरीनं गादी घ्यायची नाही. राजा वारला की सरदार आणि बिशप यांनी मिळून वारस निवडायचा. शपथ मोडून राजावर उठेल त्याला तीनदा शाप. आणि राजानंही एकट्यानं कुणाला देहदंडाची किंवा मालमत्तेची शिक्षा ठोठावू नये, उघड न्यायानं करावं. जुलूम करेल तो राजाही शापाचा धनी. आणखी एक नियम असा की राजद्रोहाच्या खटल्यात न्याय करायला बिशपांना बसवायचं असेल, तर राजानं आधी शपथेवर शिक्षा माफ करण्याचं वचन द्यावं. रक्त सांडण्यात बिशपांनी भागी व्हायचं नाही.

हे नियम पाळले गेले का? अर्धेमुर्धे. 680 मध्ये वाम्बा राजा अचानक बेशुद्ध पडला. मरणार असं समजून त्याला प्रायश्चित्ताची दीक्षा दिली, डोकं भादरलं. तो शुद्धीवर आला, पण मुंडन झालेल्याला राजा होता येत नाही असा 638 च्या सभेचा नियम होता. त्याला मठात जावं लागलं आणि एर्विग गादीवर बसला. 681 च्या सभेनं कागदपत्रं तपासून हे सगळं कायदेशीर ठरवलं. शुद्ध नसताना दिलेली दीक्षासुद्धा बांधील आहे असा नियमच करून टाकला. वाम्बाला मुद्दाम औषध पाजलं होतं, असा आरोप दोनशे वर्षांनंतरच्या एका बखरीत येतो. तो खरा असो वा नसो, नियम नेमका विजेत्याच्या सोयीचा निघाला, एवढं सभेच्या स्वतःच्या कागदांतूनच दिसतं. उलट बाजूनं, 693 मध्ये टोलेडोचा बिशप सिस्बर्ट राजाविरुद्धच्या कटात सापडला, तेव्हा सभेनं त्यालाच पदावरून काढून हद्दपार केलं.

म्हणून होयबा हा शब्द पुरेसा नाही. राजाला सभेची गरज होती आणि सभेला राजाची. गादी डळमळीत असली की बिशप अटी घालत, घट्ट असली की माना डोलवत.

पोप कुठे होता?

लांब होता, आणि पत्रं लिहीत होता. पहिला ग्रेगरी हा लिअँडरचा मित्र. त्यानं रेकारेडचं पत्रातून कौतुक केलं. पण 589 ची सभा बोलावली राजानं, नियम केले बिशपांनी.

638 मध्ये होनोरियस पोपनं स्पेनच्या बिशपांची कडक शब्दांत कानउघाडणी केली: धर्म सोडणाऱ्यांविरुद्ध तुम्ही ढिले आहात, न भुंकणाऱ्या कुत्र्यांसारखे. सभेच्या वतीनं सारागोसाचा बिशप ब्राउलिओ यानं उत्तर लिहिलं. त्यात पोपपदाबद्दल पूर्ण आदर आहे. पण आरोप खोटा आहे, आम्ही झोपलेलो नाही, हेही ठणकावून सांगितलं आहे. आणि जाता जाता त्यानं पोपची एक चूक दाखवली. कुत्र्यांचं ते वचन पोपनं यहेज्केल संदेष्ट्याच्या नावावर घातलं होतं. ते यशयाचं आहे.

रोमच्या बिशपाला मान पहिला, पण रोजचा कारभार आपापल्या प्रांतानं आपल्या सभेत चालवायचा, अशी त्या काळची घडी होती. पुढे पोपची सत्ता वाढत गेली त्याला कारणं बरीच. त्यांतलं एक टोलेडोशी जोडलेलं आहे. या सभांच्या नियमांचा संग्रह इसिडोरच्या नावाशी जोडला जाऊन फ्रान्समध्ये पोचला होता. नवव्या शतकात तिथल्या काही धर्मपंडितांनी त्यात जुन्या पोपांच्या नावानं रचलेली बनावट पत्रं घुसडली. हेतू हा की राजानं किंवा मेट्रोपॉलिटननं बिशपाला सहज काढू नये, त्याला थेट रोमकडे दाद मागता यावी. 1628 मध्ये ब्लोंडेल या फ्रेंच प्रॉटेस्टंट विद्वानानं ही बनवाबनवी सविस्तर उघडी पाडली, पण तोवर ती शतकानुशतकं खरी म्हणून वापरली गेली होती.

बंद दाराबाहेरचे लोक

आता या सभांची सगळ्यांत काळी बाजू. स्पेनमध्ये यहुदी लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. सिसेबुट राजानं (612 ते 621) त्यांना सक्तीनं बाप्तिस्मा घ्यायला लावला. 633 च्या सभेपुढं हा प्रश्न आला. इसिडोरला सक्ती पसंत नव्हती. सत्तावन्नाव्या नियमात सभा स्पष्ट म्हणते: यापुढे कुणालाही बळानं ख्रिस्ती करायचं नाही, श्रद्धा मनापासून हवी.

इथंच थांबले असते तर या सभेला आपण मनापासून हात जोडले असते. पण त्याच नियमाचं पुढचं वाक्य असं आहे की ज्यांचा बाप्तिस्मा सक्तीनं आधीच झाला आहे त्यांनी ख्रिस्तीच राहिलं पाहिजे, नाहीतर देवाच्या नावाची विटंबना होईल. त्यापुढचे नियम आईबापांपासून मुलं तोडण्याची भाषा करतात. 694 च्या सभेनं तर यहुद्यांवर कटाचा आरोप ठेवून त्यांची मालमत्ता जप्त करायला, त्यांना गुलाम करायला आणि मुलं सात वर्षांची झाली की काढून घ्यायला मंजुरी दिली. जुने नियम वाचून, प्रार्थना म्हणून, सह्या करून.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पटत नाही. सक्ती चूक आहे हे त्याच काळातल्या, त्याच खोलीतल्या माणसांना कळत होतं. त्यांनीच ते लिहिलं आहे. सभेत ज्यांच्याबद्दल निर्णय होत होता त्यांच्यापैकी एकही माणूस दाराच्या आत बोलायला नव्हता. कामकाज कितीही शिस्तीचं असलं तरी ही उणीव त्यानं भरून निघत नाही.

711 मध्ये मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि व्हिसिगॉथ राज्य कोसळलं. नियम मात्र उरले. सत्तावन्नावा नियम बाराव्या शतकात ग्रेशियन या धर्मपंडिताच्या नियमसंग्रहातून युरोपभरच्या चर्चच्या कायद्यात गेला, दोन्ही वाक्यांसकट.

आणि आपल्या किनाऱ्याशी त्याचं नातं आहे. 1567 मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली. धमकी देऊन किंवा बळानं कुणालाही ख्रिस्ती करू नये, असं तिनं सुरुवातीलाच मान्य केलं, आणि त्याच ठरावांत हिंदू पुरोहितांना व धर्मोपदेशकांना हद्दपार करावं अशी मागणी राजाकडे केली. सत्तावन्नाव्या नियमाचं ते दुसरं वाक्य गोव्यात 1560 पासून चालू असलेल्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, अमलात आणलं: एकदा बाप्तिस्मा झाला की जुन्या देवाधर्माकडे, जुन्या रीतींकडे वळणं हा गुन्हा, मग तो बाप्तिस्मा कोणत्या दडपणाखाली झाला असो. ते न्यायालय मधली काही वर्षं सोडता 1812 पर्यंत चाललं.

धर्माच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होऊ नये, हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असं कॅथलिक बिशपांच्या सभेनं ते दुसरं वाक्य न जोडता म्हटलं ते 7 डिसेंबर 1965 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. बाजूनं 2308 मतं पडली, विरोधात 70.